पोटगी आणि भेट यांची सांगड घालू नका

ताई, नवऱ्यापासून वेगळं होताना मुलाच्या पोटगीचं आणि वडिलांशी भेटीचं कसं करायचं, ते सांगते. आधी एक वही करा. मुलाची फी, औषधं, कपडे, शिकवणी, सगळा खर्च तारखेसह लिहा, पावत्या जपा. पोटगी ठरवताना न्यायालय मुलाच्या गरजा आणि दोघांची कमाई बघतं. तिथे नुसतं तोंडी सांगून भागत नाही. पैसे बँकेतूनच घ्या.

आणि हे कळकळीने सांगते: पोटगी थकली म्हणून मुलाची वडिलांशी भेट अडवू नका. रागाच्या भरात मी ते केलं. थकबाकीसाठी वेगळा अर्ज करता येतो. भेट अडवली की तेच आपल्याविरुद्ध वापरलं जातं. माझं लेकरू मात्र दाराकडे डोळे लावून बसलं होतं, ते अजून विसरता येत नाही. मुलाकरवी वडिलांना निरोपही पाठवू नका. सुट्ट्या कोणाकडे, आणायला-सोडायला कोण, हे आत्ताच लेखी ठरवून घ्या.