चाचणीत ‘मध्यम नैराश्य’ आलं. हा आजार आहे की मी नुसताच असमाधानी आहे?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बरी नोकरी आहे, फ्लॅट आहे, घरात लहान मूल आहे, तरी वर्षभर कशात राम वाटत नाही. नेटवर चाचणी सोडवली, १२ गुण आले, खाली ‘मध्यम नैराश्य’ असा शेरा. आता गोळ्या घ्यायच्या की नोकरी बदलायची?

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणं माझं काम नव्हे. पण वर्णनावरून ही पीएचक्यू-९ नावाची नैराश्याची प्रश्नावली दिसते, आणि ती आमच्या नेहमीच्या वापरातली आहे. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. १० ते १४ म्हणजे मध्यम. विचारते फक्त गेल्या दोन आठवड्यांचं: झोप, भूक, थकवा, उदासी, लक्ष न लागणं. ‘का’ हे एकदाही विचारत नाही. मूल रात्री तीनदा उठवत असेल तरी झोपेचे आणि थकव्याचे गुण चढणारच. ती चाळणी आहे, निदान नाही. (तिच्या निर्मितीला फायझर या औषध कंपनीने पैसा पुरवला होता आणि नैराश्यावरचं एक नामांकित औषधही तेव्हा त्यांचंच होतं. तेवढ्याने चाचणी खोटी ठरत नाही, पण माहीत असलेलं बरं.) मूळ प्रश्नावलीच्या तळाशी बिनगुणांचा आणखी एक प्रश्न असतो: या त्रासामुळे काम करणं, घरचं बघणं, माणसांशी जमवून घेणं किती अवघड झालंय? मी आधी त्याचं उत्तर बघतो.

‘का’ न विचारणं ही नजरचूक नाही. पूर्वी एकाच रुग्णाला दोन डॉक्टर दोन वेगळी निदानं द्यायचे, कारण मूळ कारणाबद्दल प्रत्येकाचा सिद्धांत वेगळा. म्हणून १९८० साली रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपली निदानपुस्तिका नव्याने लिहिली तेव्हा कारणं बाजूला ठेवून लक्षणं मोजायचं ठरलं. नैराश्यासाठी आजही नऊपैकी पाच लक्षणं, किमान दोन आठवडे. त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक हवंच. पीएचक्यू-९ याच नऊ लक्षणांवर बेतलेली आहे आणि तिच्या कर्त्यांतही स्पिट्झर आहेत.

एक अपवाद मात्र होता. जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने सहसा नैराश्याचं निदान करू नये, असं १९९४च्या आवृत्तीत होतं. २०१३ मध्ये तो काढला आणि मोठा वाद झाला. एक बाजू म्हणे, आता शोकही आजार ठरणार. दुसरी म्हणे, शोकात असलेल्या माणसाला नैराश्य येऊच शकत नाही का? मला दुसरी बाजू जास्त पटते. ‘नोकरीच तशी आहे हो’ म्हणत वर्षानुवर्षं उपचार टाळणारी माणसं मी पाहिली आहेत. कारण सापडलं म्हणून आजार नाही असं होत नाही. आणि कारण सापडत नाही म्हणून तो असतोच, असंही नाही.

इथे गोव्यातलं काम आठवतं. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रयोग केले. लोक यायचे अंगदुखी, अशक्तपणा, झोप नाही म्हणून. बोलायला लागले की पैशाची ओढाताण, नवऱ्याची दारू, घरातली भांडणं निघायची. याला ते टेन्शन म्हणत, आजार नव्हे. मदत करणारे होते प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक लोक. त्यांच्या पुढच्या एका प्रयोगात सहा ते आठ भेटींत माणसाला थांबलेल्या गोष्टी पुन्हा सुरू करायला आणि समोरच्या अडचणी सोडवायला मदत केली जायची. त्याचा उपयोग झाला. आजार की आयुष्य, हा निवाडा आधी झाला नाही म्हणून कुणाचं अडलं नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सुट्टीत काय होतं ते बघा. गावी गेल्यावर, मित्रांत, आवडीच्या खेळात मन रमत असेल आणि रविवार संध्याकाळपासून पुन्हा जड होत असेल, तर असमाधानाचा रोख कशावर आहे हे बहुधा तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे गोळी नोकरीचा प्रश्न सोडवणार नाही. पण मूल हसलं तरी आत काही हलत नसेल, आंघोळही ओझं वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा आणि तोवर राजीनामा देऊ नका. अशा अवस्थेत सगळेच पर्याय सारखेच निरर्थक दिसतात. दोन्हींत थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थकव्याचं मूळ कधीकधी तिथेही निघतं.

आणि नववा प्रश्न, मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर दिलं असेल तर बेरीज किती झाली ते सोडा आणि आजच १४४१६ ला फोन करा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.