रिकामा पिकअप ट्रक बर्फात मागून घसरतो, पकड कशी वाढवू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी मागच्या चाकांवर चालणारी, हौदा बहुतेक वेळा रिकामा, बर्फ पडला की सिग्नलला उभी राहिलेली गाडी जागची हलत नाही आणि वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो. हौद्यात वजन टाकू, की सरळ फोर-व्हील-ड्राइव्ह घेऊ?

वजन टाका, गाडी बदलायची घाई करू नका, पण या दोन्हींच्या आधी टायर बघा. मी स्वतः हे उलट्या क्रमाने शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिकअप बनवलेला असतो माल वाहायला. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन, बसलेली माणसं, सगळा भार पुढे. मागे नुसता पत्र्याचा हौदा. दोन टनांची रिकामी गाडी धरली तर साधारण १२०० किलो पुढच्या चाकांवर येतात आणि मागे उरतात ८००. ढकलायचं काम मात्र मागच्यांकडे. त्यात मागचे पाटे (स्प्रिंगा) भरलेल्या गाडीच्या हिशोबाने बसवलेले, कडक. रिकामी गाडी जरा उंचसखल भागावरून गेली की मागून उडते आणि ते ८०० किलोसुद्धा रस्त्यावर नीट टेकत नाहीत. गाडी का घसरते, याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर टायरमध्ये आहे. पकड आपल्याला तीन कामांसाठी लागते: निघायला, वळायला आणि थांबायला. बर्फात अडकल्यावर माणसाला फक्त पहिलं आठवतं. पण हिशोब करून बघा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १२-१३ मीटरमध्ये थांबते. दबलेल्या बर्फावर त्याच गाडीला ५० मीटरच्या आसपास लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर १०० मीटर. या गणितात गाडीचं वजन कुठेच येत नाही, येतो तो रबर आणि रस्ता यांच्यातला घर्षणाचा आकडा. म्हणजे हौद्यात टाकलेली वाळू तुम्हाला हलायला मदत करेल, पण थांबायचं अंतर कमी करणार नाही. फोर-व्हील-ड्राइव्हचंही तेच. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी झकास निघते, चालकाला वाटतं रस्ता चांगला आहे, आणि पुढच्या वळणावर ब्रेक मारल्यावर कळतं की ब्रेक तर आधीही चारही चाकांना होतेच!

म्हणून खिसा एकदाच रिकामा करायचा असेल तर हिवाळी टायरांवर करा. साध्या उन्हाळी टायरचं रबर पारा ७ अंशांच्या खाली गेला की कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या बटणांवर, म्हणजे नक्षीच्या उंच ठोकळ्यांवर, ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला चावतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह शोधा. ते टायर बर्फावरच्या चाचणीत पास झालेलं असतं. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असेल तर ते केवळ नक्षीच्या रचनेबद्दल सांगतं. पिकअपवाल्यांचा आवडता, मोठमोठ्या बटणांचा ऑल-टेरेन टायर चिखलात राजा असेल, पण गोठलेल्या रस्त्यावर त्याचं कडक रबर बऱ्याचदा साफ निराशा करतं. बघायला दणकट दिसतं, एवढंच.

टायर चारही बदला. मागचे दोनच बदलून पैसे वाचवायचा मोह होतो, पण गाडी वळवण्याचं आणि बरंचसं थांबवण्याचं काम पुढची चाकं करतात. आणि नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की बर्फासाठी ते टायर संपलं असं समजा, गोटा व्हायची वाट बघू नका.

हवेचं एक सांगतो, कारण यावर उलटसुलट सल्ले मिळतात. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होते. थंडीच्या सुरुवातीला भरलेली हवा कडाक्याच्या थंडीपर्यंत सहज ५-६ पीएसआय उतरलेली असते. थंड टायरवर मोजा आणि दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यावर आणा. हवा मुद्दाम कमी करणं हे खोल, भुसभुशीत बर्फात रुतल्यावर तेवढ्यापुरतं ठीक. साफ केलेल्या रस्त्यावर तसं चालवू नका.

आता वजन. पहिल्या हिवाळ्यात मी वाळूची पोती आणली, फाळका उघडला आणि जिथे हात पोचला तिथेच, फाळक्याला लागून रचून ठेवली. उचलायला सोपं! दोन दिवसांनी उतारावर स्टिअरिंग फिरवलं तर गाडी सरळच जात राहिली. चाकं वळलेली, गाडी सरळ. कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली, लागलं काही नाही, पण छाती धडधडत होती. कारण साधं आहे, सी-सॉ. मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे १०० किलो ठेवले आणि दोन एक्सलमधलं अंतर साडेतीन मीटर असेल, तर मागच्या चाकांवर जवळपास १२९ किलो वाढतात, पण पुढच्या चाकांवरचे २९ किलो उचलले जातात. तेच वजन एक्सलच्या बरोबर वर ठेवलं तर पुढचं काहीच कमी होत नाही, आणि अर्धा मीटर पुढे सरकवलं तर पुढच्या चाकांनाही १४ किलो मिळतात. तेव्हा पोती चाकांवरच्या उंचवट्यांच्या मधोमध किंवा किंचित केबिनकडे. मध्यम आकाराच्या पिकअपला १००-१५० किलो पुरतात, मोठ्याला २०० पर्यंत. गाडीची भार क्षमता आणि आत बसणारी माणसं त्यात धरा.

पोती बांधा. आडवी लाकडी फळी टाकून, पट्ट्याने आवळून, हौद्यातल्या कड्यांना. जोरात ब्रेक लागला तर ५० किलोचं पोतं केबिनच्या मागच्या काचेकडे येतं, आणि त्या काचेला लागून तुमचं डोकं असतं. काही जण हौद्यात पडलेला बर्फच वजन म्हणून राहू देतात. त्याचं वजन किती ते कळत नाही, तो वितळतो, सरकतो, मागच्या गाडीच्या काचेवर उडतो. फावड्याने काढून टाका.

वाळू चाकाखाली टाकायलाही कामी येते असं सगळे सांगतात. येते, पण कोरडी असेल तर. माझं पोतं ओलं होतं, गरज पडली तेव्हा त्याचा दगड झाला होता. मी रात्री फावड्याच्या दांड्याने वाळू फोडत बसलो होतो. तेव्हापासून कोरड्या वाळूचे दोन घट्ट झाकणाचे डबे सीटच्या मागे असतात, हौद्यातली पोती फक्त वजनाला.

फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर उत्तमच, पण बऱ्याच पिकअपमध्ये गरजेपुरती जोडायची पद्धत असते आणि मधलं डिफरन्शियल (वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसतं. ती बर्फावर जोडा, कोरडा रस्ता लागला की काढा, नाहीतर वळताना गिअरवर विनाकारण ताण येतो. मागच्या साध्या डिफरन्शियलची अडचण अशी की एक चाक बर्फावर फिरायला लागलं की दुसऱ्यालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणारी सोय) असेल तर रुतल्यावर वापरा. आडव्या उताराच्या बर्फावर वापरलात तर दोन्ही चाकं एकदम फिरतात आणि गाडी मागून खाली घसरते.

साखळ्या हा शेवटचा उपाय, पण घाटात दुसरा नाही. कुठल्या चाकांना लावायच्या आणि किती जागा लागते ते गाडीच्या पुस्तकात असतं, ते वाचाच. एकदा घरासमोर, कोरड्यात, हातमोजे घालून लावून बघा. लावल्यावर थोडं अंतर जाऊन परत आवळा, वेग ताशी ५० च्या आत ठेवा. खिळ्यांचे टायर गोठलेल्या रस्त्यावर भारी, पण काही ठिकाणी त्यांना बंदी असते, आधी चौकशी करा.

चालवताना रिकाम्या पिकअपचा एक खास दोष लक्षात ठेवा: गिअर एकदम खाली टाकलात तर इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या हलक्या चाकांना लागतो आणि ब्रेक न दाबताही गाडी मागून फिरते. दुसऱ्या गिअरमध्ये निघा, पाय हलका, क्रूझ कंट्रोल बंद. शून्याच्या आसपासचा ओलसर बर्फ कडक थंडीतल्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण वर पाण्याचा पातळ थर असतो. ‘आज थंडी कमी आहे’ म्हणून वेग वाढवू नका.

रुतलात तर रेस देत बसू नका. फिरणारं चाक खालचा बर्फ वितळवतं, तो पुन्हा गोठतो आणि तुम्ही स्वतःच काच बनवता. चाकांच्या पुढचा-मागचा बर्फ काढा, वाळू टाका, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की इंजिनची ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) तेवढ्यापुरता बंद करून हळू पुढे-मागे झुलवा. थांबावंच लागलं आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढा. तो बुजला तर विषारी वायू केबिनमध्ये येतो.

आणि हिवाळा संपला की पोती उतरवा. मी एका वर्षी कंटाळा केला. पोत्याखाली ओल राहून हौद्याला तळहाताएवढा गंज चढला. हिवाळी टायरही तेव्हाच काढा, मऊ रबर उन्हात भराभर झिजतं.