रेडिओत जायचंय, पण बातमीसाठी की आरजे म्हणून?

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, गोव्याच्या पेडणे तालुक्यातली एक मुलगी आईसोबत समुपदेशनाला आली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिला रेडिओत जायचं होतं. वर्गातल्या मुलांचं म्हणणं, आवाज बारीक आहे आणि मराठीत कोकणीचा हेल येतो. आईची काळजी वेगळी होती. “आतां रेडयो कोण आयकता?” हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा असा, की पहाटेच्या ड्युटीला मुलगी पेडण्याहून पणजीला पोचणार कशी?

तुला रेडिओत नेमकं काय करायचंय, असं आम्ही तिला विचारलं. “गावच्या बातम्या द्यायच्यात. आणि आरजे, म्हणजे रेडिओ जॉकी व्हायचंय,” ती म्हणाली. पत्रकारितेची बहुतेक मुलं हे असंच एका दमात सांगतात. पण ही दोन कामं सहसा एका छपराखाली होत नाहीत. आपल्याकडे खासगी एफएम केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. 2011 च्या धोरणानं आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवायची मुभा तेवढी दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, सण-उत्सव, प्रशासनानं कळवलेल्या पाणी-विजेच्या सूचना हे सगळं त्या धोरणात बातमीबाहेरचं धरलं आहे. म्हणजे ‘उद्या अमुक भागात पाणी येणार नाही’ ही खात्याची सूचना आरजे वाचू शकते. चार दिवस पाणी का आलं नाही, याचा शोध घेऊन ती प्रक्षेपित करू शकत नाही. या मुलीला तर नेमकं तेच करायचं होतं.

त्यामुळे बातमीच हवी असेल तर गोव्यात दार एकच, पणजीच्या आल्तिनोवरची आकाशवाणी. तिथे बाहेरून येणारं माणूस बहुधा नैमित्तिक वृत्तनिवेदक-अनुवादक, उद्घोषक किंवा अंशकालीन वार्ताहर म्हणून आत शिरतं. जाहिरात येते, लेखी परीक्षा होते, मग आवाज चाचणी. निवड झाली तरी ती पक्की नोकरी नसते. महिन्यातल्या मोजक्या ड्युट्या मिळतात, पैसे ड्युटीप्रमाणे मिळतात आणि कायम करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. हे आईसमोर स्पष्ट सांगणं गरजेचं होतं. नाहीतर दोन वर्षांनी घरात त्यावरूनच भांडण होतं.

खासगी केंद्रांचंही खरं चित्र मांडलं. गोव्याची बाजारपेठ लहान. शिवाय एका कंपनीच्या केंद्रांना एकमेकांचे कार्यक्रम जोडून घ्यायची परवानगी आहे, त्यामुळे दिवसातले काही तास बाहेरच्या शहरातूनही चालवता येतात. माइकसमोरच्या जागा कमी असतात. जाहिरातींची संहिता लिहिणं, प्रोमो कापणं, कार्यक्रमाची निर्मिती, रस्त्यावर जाऊन लोकांचे आवाज आणणं, या कामांतून आत जाण्याची शक्यता आम्हाला जास्त वाटते. पत्रकारितेच्या मुलांना ही कामं हलकी वाटतात. ती हलकी नाहीत. वीस सेकंदांत एक गोष्ट पुरती सांगायची सवय तिथेच लागते.

आता आवाज. तिला पाच बातम्या दिल्या आणि खोलीतच मोबाइलवर वाचून घेतल्या. बारीकपणाचा काहीही अडथळा नव्हता. अडचणी निराळ्याच निघाल्या. वाक्याचा शेवटचा शब्द ती गिळत होती, त्यामुळे ‘केली’ की ‘केली नाही’ हे कळेना. भीतीनं वेग मिनिटाला दीडशे शब्दांवर गेला होता. मराठी बातमी 110 ते 120 च्या आसपास ऐकायला बरी वाटते. आणि 79 समोर आल्यावर ती थबकली. इंग्रजीतून शिकलेली मुलं एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी इथेच अडतात. उपाय साधा आहे. संहितेत आकडा अक्षरांत लिहायचा, आणि नेमकेपणाची गरज नसेल तर ‘सुमारे ऐंशी’ करायचा.

हेलाचं काय? कोकणी घरातल्या मुलांचे काही स्वर मराठीत नाकातून येतात. ते खरंच आहे आणि सरावानं कमी होतं. पण ‘काणकोण’, ‘केपे’, ‘वाळपई’ ही नावं जिभेवर असलेला निवेदक गोव्याच्या केंद्राला हवाच असतो. रोमी स्पेलिंगवरून बातमी उतरवताना साखळीचं ‘सँक्वेलिम’ करणारी मुलं चाचणीत तिथेच मागे पडतात. इथे पत्रकं बरीचशी इंग्रजीत येतात, पत्रकार परिषदेत मंत्री कोकणीत बोलतात आणि बातमी मराठीत द्यायची असते. तिन्ही भाषांत सहज फिरणारी मुलगी स्वतःला कमी लेखत होती, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटलं.

मग तिला चार आठवड्यांचं काम दिलं. दर आठवड्याला पाच मिनिटांचं एक बातमीपत्र. माहिती व प्रसिद्धी खात्याची पत्रकं आणि दोन दैनिकं घेऊन स्वतः लिहायचं, स्वतः वाचायचं, स्वतः ध्वनिमुद्रित करायचं. पाच मिनिटांतून सुरुवात, ठळक बातम्या आणि समारोप वजा केला की बातमीला जेमतेम चार मिनिटं उरतात, म्हणजे साडेचारशेच्या आतबाहेर शब्द. त्यात सात-आठ बातम्या बसवताना काय सोडायचं, ते कळायला लागतं.

पहिल्या आठवड्यात तिनं लिहिलेलं वाक्य असं होतं: ‘तालुक्यातील विविध गावांत गेल्या चार दिवसांपासून निर्माण झालेल्या पाणीटंचाईच्या पार्श्वभूमीवर संतप्त ग्रामस्थांनी काल संबंधित अभियंत्यांना घेराव घालून तातडीने पाणीपुरवठा सुरळीत करण्याची मागणी केली.’ वाचताना ‘पार्श्वभूमीवर’पाशी तिचा श्वास संपला. छापील मजकुरात हे खपतं, कारण वाचक मागे जाऊन पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. तिनं ते तोडलं: ‘तालुक्यातल्या काही गावांत चार दिवस पाणी आलेलं नाही. ग्रामस्थांनी काल अभियंत्यांना घेराव घातला. पाणीपुरवठा ताबडतोब सुरू करा, अशी त्यांची मागणी आहे.’ एका वाक्यात एकच गोष्ट, बारा-पंधरा शब्दांच्या आत. ‘संतप्त’ गेला, ‘संबंधित’ गेला, ‘विविध’ गेला. नावाआधी हुद्दा आला. कंस काढले, कारण कंस वाचता येत नाही.

ध्वनिमुद्रणासाठी महागडा माइक घेऊ नका, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा तिरका धरायचा. समोर सरळ धरला तर फ, भ, प यांचा वारा माइकवर आदळून धप्प असा आवाज येतो. खोली कपड्यांच्या कपाटाची, पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत. पावसाळ्यात पत्र्याखाली ध्वनिमुद्रण करूच नये. तो आवाज नंतर निघत नाही, काढायला गेलं की माणसाचा आवाजच डब्यातून आल्यासारखा होतो. फाइल डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या प्रकारात ठेवायची आणि आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या शब्दालाही उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही. समुद्रकिनारी मुलाखत घ्यायची असेल तर स्पंजचं टोपण पुरत नाही, केसाळ आवरण लागतं. जागा सोडण्याआधी कुणी काही न बोलता तिथला नुसता आवाज अर्धा मिनिट घ्यायचा. दोन तुकडे जोडताना तो सांध्याखाली घालता येतो. हे न केल्यामुळे चांगल्या मुलाखती तुटक वाटतात.

दुसऱ्या आठवड्यात ती आमच्यावर रागावली. इतकं काम करून एकच चांगलं मिनिट निघालं, म्हणाली. ते बरोबर होतं. तिसऱ्यात वेग 125 वर आला, वाक्यांचे शेवट ऐकू येऊ लागले. चौथ्या आठवड्यात तिनं बातमीपत्रासोबत सहा मिनिटांचं आणखी एक काम आणलं. पाण्याच्या टँकरमागे घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांचं बोलणं, पत्र्याच्या घागरीत पडणाऱ्या पाण्याच्या आवाजासकट. निवेदनाची मोजून पाच वाक्यं. ते बातमीपत्रापेक्षा कितीतरी सरस होतं. तिचा कल वृत्तनिवेदनापेक्षा ध्वनिरूपकाकडे, म्हणजे लोकांचं बोलणं आणि भोवतालचे आवाज जोडून गोष्ट सांगण्याकडे जास्त आहे, हे तिला तेव्हाच दिसलं. ते काम आकाशवाणीतही होतं, सामुदायिक रेडिओतही होतं, आणि वृत्तसंस्थांच्या पॉडकास्टमध्येही. सामुदायिक रेडिओ म्हणजे एखाद्या संस्थेनं आपल्या परिसरासाठी चालवलेलं छोटं केंद्र. त्याची प्रक्षेपण शक्ती साधारण 100 वॅटपर्यंतच असते, पोच पाच-दहा किलोमीटर, पैसा नगण्य. पण शिकणाऱ्याला तिथे जेवढं हाताळायला मिळतं तेवढं मोठ्या केंद्रात मिळत नाही.

आईच्या प्रश्नांचं उत्तर आईबरोबर बसूनच काढलं. आकाशवाणीची सकाळची सभा, म्हणजे प्रसारण, सहाच्या आसपास सुरू होते, म्हणजे पेडण्याहून साडेचारला निघावं लागेल. रोजची पहाटेची दुचाकी आम्हालाही मान्य नव्हती. ठरलं ते असं: पदवी पूर्ण होईपर्यंत म्हापशात दैनिकात उमेदवारी, आकाशवाणीची जाहिरात आली की अर्ज, निवड झाली तर सुरुवातीला संध्याकाळच्या ड्युट्या मागायच्या आणि पहाटेच्या ड्युटीच्या आदल्या रात्री पणजीत मावशीकडे मुक्काम. निदान दोन वर्षं दुसरं उत्पन्न हातचं सोडायचं नाही. अनुवादाचं काम त्यासाठी चांगलं, कारण लेखी परीक्षेचा सराव त्यातच होतो. आवाजाचा नमुना दोन-तीन मिनिटांचा ठेवायचा, त्यामागे संगीत घालायचं नाही, आणि पहिल्या दहा सेकंदांत सर्वांत चांगलं वाचन. ऐकणारा अधिकारी त्यापुढे जाईलच असं नाही.

एमए आधी की अर्ज आधी, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. आम्ही अर्ज आधी म्हटलं आहे. आईला एमए हवं आहे.