उद्या पाहुण्यांना तुझं काय सांगू?

"मॅडम, मला स्वतःबद्दल चार वाक्यं बोलता येत नाहीत." माझ्याकडं समुपदेशनाला आलेला हा मुलगा खुर्चीत टेकल्या टेकल्या एवढंच म्हणाला आणि गप्प झाला.

वय २९. सांगोला तालुक्यातलं गाव, घरची डाळिंबाची बाग, कृषीची पदवी. २०१८ पासून पुण्यात राज्यसेवेची तयारी. प्री म्हणजे पूर्व परीक्षा तीनदा निघाली, मेन्सला म्हणजे मुख्य परीक्षेला तिन्ही वेळा अडकला, त्यातल्या दोनदा अगदी थोडक्यात. त्याच्या परवानगीनं, काही तपशील बदलून हे लिहितेय, कारण ही अडचण घेऊन येणारा तो एकटा नाही. नुकतेच निवृत्त झालेले येतात, मुलं परदेशी गेलेल्या आया येतात, घटस्फोटानंतर पहिल्यांदा नोकरीला निघालेल्या बायका येतात. सगळ्यांचा प्रश्न तोच: "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की सांगायचं काय?

त्याच्याबाबतीत दोन गोष्टी लागोपाठ घडल्या होत्या. एका शेतकरी उत्पादक कंपनीत मुलाखतीला गेला. नाव झालं, गाव झालं, मग "सध्या... काही नाही" म्हणाला आणि पुढं शब्दच फुटेना. त्यानंतर आठवड्यानं बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. आदल्या रात्री वडिलांनी त्याला फोनवर विचारलं, "उद्या पाहुण्यांना तुझं काय सांगू?" त्यात टोमणा नव्हता. वडिलांना खरोखरच कळत नव्हतं. तो म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं." दुसऱ्या दिवशी तो गावी गेलाच नाही.

झोप, जेवण, दिवसभर काय करतो, हे विचारून झालं. जीव नकोसा वाटतो का, हे मी नेहमी सरळ विचारते. आडून विचारलं की उत्तरही आडूनच येतं. "नाही," तो म्हणाला, "पण कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही." तरीही टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याला मोबाईलमध्ये घालून घ्यायला लावला. तिथं चोवीस तास कुणीतरी फोन उचलतं, मराठीतूनही बोलता येतं.

पुढच्या मुलाखतीसाठी ओळख लिहून आण, असं मी पहिल्याच भेटीत सांगितलं. ती माझी घाई झाली. त्यानं छापील कागद आणला: मी प्रामाणिक, कष्टाळू, जिद्दी आणि सकारात्मक विचारांचा आहे. मोठ्यानं वाचून दाखवला. मी विचारलं, "हे ऐकून डोळ्यांपुढं कोण उभं राहतं?" थोडा वेळ कागदाकडं बघत राहिला. "कुणीच नाही."

मग त्याला कोरा कागद दिला. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडलेली एक साधी चाचणी आहे. 'मी कोण आहे?' या एकाच प्रश्नाची २० उत्तरं १२ मिनिटांत लिहायची. स्वतःला सांगतोय असं समजून, सुचतील त्या क्रमानं. त्यांना दिसलं की माणसं आधी दुसऱ्या कुणीही मान्य करावं असं लिहितात: विद्यार्थी, मुलगी, नवरा, अमुक धर्माचा. ते संपलं की मग आतलं यायला लागतं.

यानं नऊ ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. नऊपैकी सहा परीक्षेच्या होत्या. 'मी एमपीएससीचा विद्यार्थी होतो.' 'मी मेन्सला तीनदा बसलो.' 'मी वय वाया घालवलं.' उरलेल्या तीन म्हणजे नाव, गाव आणि 'मी घरच्यांवर ओझं आहे.'

यात त्याचा एकट्याचा दोष मी मानत नाही. या वाटेला लागलेल्या मुलाला थांबा असं कुणी म्हणतच नाही. वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. परीक्षा पुढं जातात, निकाल लांबतात. १४ मार्च २०२१ ची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढं ढकलली, तेव्हा पुण्यात शास्त्री रस्त्यावर उतरलेल्या मुलांत तोही होता. पुढं २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार असं ठरलं. म्हणजे सगळी तयारी नव्यानं. तिथं तो थांबला. थांबला तेव्हा हातात एकच ओळख होती, आणि तीही भूतकाळात गेली.

तो कागद मी बाजूला ठेवला. "घरी कोण कोण असतं?" आई, वडील, बहीण. जरा थांबून, "आणि सर्ज्या."

सर्ज्या हा खिल्लार जातीचा खोंड, तरणा बैल. यानंच सांगोल्याच्या बाजारातून निवडून आणलेला. मोबाईलमध्ये त्याचे चाळीसेक फोटो. एरवी माझ्याकडं न बघता बोलणारा हा मुलगा सरसावून बसला. अनोळखी माणसानं दावणीकडं पाऊल टाकलं की सर्ज्या शिंगं रोखतो. त्याच्यापुढं समोरून जायचंच नाही. डाव्या अंगानं, आधी आवाज द्यायचा, मग वशिंडावर हात टेकवायचा, तो फुरफुरायचा थांबला की मगच वेसणीला हात. सांगताना त्याचा उजवा हात हवेत तसाच टेकलेला होता, पंजा पसरून. वडिलांनाही सर्ज्या दाद देत नाही. डॉक्टर इंजेक्शन द्यायला आला की पुण्याहून याला बोलावून घेतात.

"हे कागदावर का नाही आलं?"

"ते काय मॅडम, ते असंच."

हा 'असंच' मी इतक्या तोंडांतून ऐकलाय की तो आला की मी तिथंच थांबते. विचारत गेले. अभ्यासिकेत ८० जागा होत्या. दोन वर्षं हिशेब याच्याकडं: कुणाची फी थकली, कुणाला मुदत द्यायची, रात्री ताप चढला तर कुणाला दवाखान्यात न्यायचं. असंच. भूगोल अडला की नवी मुलं याच्याकडं यायची, हा फळ्यावर मॉन्सून काढून दाखवायचा. असंच. बागेवर तेल्या हा डाळिंबावरचा रोग दिसला की वडील पानांचे फोटो पाठवायचे, हा इथून फवारणी सांगायचा. तेही असंच.

मराठीत 'ओळख' हा शब्द मला फार आवडतो. आपण म्हणतो ओळख आहे, ओळख पटली, ओळख ठेवा. प्रत्येक वेळी त्यात दुसरं माणूस असतं. गावात कुणी "कुणाचा रे तू?" विचारलं की उत्तर तयार असतं. शहरात विचारतात, "काय करतोस?" या मुलाचं पहिलं उत्तर गावी राहिलं आणि दुसरं तयार झालंच नाही.

पॅट्रिशिया लिनव्हिल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात मांडलं की स्वतःकडं बघायच्या वेगवेगळ्या बाजू असतील, तर एका बाजूला बसलेला फटका सगळ्या माणसाला लोळवत नाही. पुढच्या संशोधनात याचे निष्कर्ष संमिश्र आले, तेव्हा तो नियम म्हणून मी कुणाला सांगत नाही. पण या मुलाच्या नऊ ओळी समोर असताना मला तेच दिसत होतं.

त्यानं पुन्हा लिहिलं. या वेळी अट एवढीच, की प्रत्येक ओळीत क्रियापद हवं: कुणासाठी, काय केलं. १७ ओळी झाल्या. मग निवड. मुलाखतीत कामाचं आधी, पाहुण्यांत नात्याचं आधी. सर्ज्या कुठं सांगायचा आणि कुठं नाही, हे त्याचं त्यानं ठरवलं. सहा वर्षं मात्र कुठंच लपवायची नाहीत, हे मी सांगितलं. 'राज्यसेवेची तयारी केली, निवड झाली नाही.' पूर्णविराम. पुढं 'पण' नाही, 'फक्त' नाही, 'नुसताच' नाही. हे शब्द मी सगळ्यांकडूनच काढून घेते. 'नुसती घरीच असते' म्हणणाऱ्या बाईंकडूनही.

हे एक वाक्य न अडखळता म्हणायला त्याला तीन भेटी लागल्या. तोवर तो निवड या शब्दाशी आला की आवाज पडायचा.

दुसरी मुलाखत झाली, ती नोकरी मिळाली नाही. बोलणं मात्र पूर्ण झालं, असं त्यानं कळवलं.

मग बहिणीला दुसरं स्थळ आलं. आदल्या रात्री वडिलांनी पुन्हा विचारायच्या आत हाच म्हणाला, "माझं मी सांगतो." या वेळी गावी होता. पाहुण्यांसमोर म्हणाला, "मी हिचा थोरला भाऊ. कृषी शिकलोय. सहा वर्षं पुण्यात राज्यसेवेची तयारी केली, निवड झाली नाही. आता बागेचं मी बघतो, नोकरीही शोधतोय."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग मुलाच्या मामांनी कप खाली ठेवला. "औंदा तेल्या कितपत हाय तुमच्याकडं?"

पाऊण तास ते दोघं बागेत होते. पोहे गार झाले म्हणून बहीण अजून त्याच्यावर चिडलेली आहे.