‘मी उद्धट आहे का?’

“मॅडम, मी स्वभावानंच उद्धट आहे का हो?” खुर्चीत टेकता टेकता तिनं विचारलं. तिशीतली, नोकरी करणारी मुलगी. दोन महिन्यांपासून ऑफिसच्या मीटिंगमध्ये तिनं तोंड उघडलं नव्हतं. इंग्रजीत बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची.

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. पूर्वी मी लगेच लहानपण, घरचं वातावरण याकडे वळायचे. आता आधी विचारते, नेमकं कुठलं वाक्य बोलल्यावर हे सुरू झालं?

तिला ते वाक्य पाठ होतं. वडील आजारी होते, घरून कधीही फोन येईल अशी अवस्था. तिनं वरिष्ठांना मेसेज केला होता, ‘टुमॉरो आय मस्ट लीव्ह अर्ली.’ त्यांनी उलट विचारलं, “तुझं ठरलंच आहे, तर मला कशाला सांगतेस?”

“मी ठरवलं नव्हतं हो,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

“तुला म्हणायचं काय होतं? मराठीत सांग.”

“उद्या मला लवकर निघावं लागू शकतं.”

‘लागू शकतं’ हे दोन शब्द मी कागदावर लिहिले. ‘लागणं’ ही सक्ती, ‘शकणं’ ही शक्यता. मेसेजमध्ये सक्ती तेवढी पोचली, शक्यता वाटेतच गळाली. त्यात ‘मस्ट’ म्हटलं की सक्ती बोलणाऱ्याच्या मनातून आल्यासारखी वाटते. तिची अडचण तर बाहेरून आलेली होती, आणि तिथे ‘हॅव टू’ जास्त शोभतं.

गंमत म्हणजे, आधी तिनं ‘माइट मस्ट’ असंच टाइप केलं होतं. काहीतरी खटकलं म्हणून ‘माइट’ खोडलं. तिचा कान बरोबर होता, खोडायचा शब्द तेवढा चुकला. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट हे ९ शब्द प्रमाण इंग्रजीत एकमेकांना खेटून बसत नाहीत. (स्कॉटलंडच्या आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काही बोलींत ‘माइट कुड’ म्हणतात, पण ऑफिसच्या मेसेजमध्ये ते नको.) म्हणून ‘मस्ट’ला उठवून तिथे ‘हॅव टू’ बसवायचं: ‘आय माइट हॅव टू लीव्ह अर्ली.’ मराठीत शक्यता शेवटी येते, इंग्रजीत ती आधी सांगावी लागते. ‘मे हॅव टू’ही चालतं. ‘माइट’मध्ये खात्री किंचित कमी, एवढाच फरक, आणि बोलताना तो कुणी फारसा मोजत नाही.

मग मी नकार विचारला, कारण माणसं खरी दुखावतात ती तिथे. ‘तुला कदाचित यावं लागणार नाही’ हे एका सहकाऱ्याला तिनं कसं सांगितलं होतं? “यू मस्ट नॉट कम.” म्हणजे, तू यायचं नाहीस! त्या सहकाऱ्यानं नंतर बोलणंच कमी केलं होतं, आणि ते का, हे तिला त्या क्षणी कळलं. ती बराच वेळ गप्प बसली. मीही बसू दिलं. ‘यू मे नॉट हॅव टू कम’ हे मी नंतर सांगितलं.

स्वभावाविषयी आम्ही त्या दिवशी एवढंच बोललो, की उद्धट माणूस दोन महिने एका वाक्याचा घोर लावून घेत नाही.

पुढच्या भेटीत तिनं सांगितलं की त्या सहकाऱ्याशी ती स्वतःहून बोलली. वडीलही घरी आले होते. मग तिनंच नवा प्रश्न काढला: “‘तेव्हा मला निघावं लागलं असतं कदाचित’ हे कसं म्हणायचं?” माइट हॅव हॅड टू. तीनदा अडखळली. चौथ्यांदा वाक्य सलग आलं, मोठ्या आवाजात.