सिंथेसायझर ॲनालॉगवरून डिजिटलवर गेल्याने संगीत बनवण्यात नेमकं काय बदललं?

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक आवाजात नाही, यंत्राच्या स्मरणशक्तीत पडला. १९७० च्या मिनीमूग या ॲनालॉग, म्हणजे विजेच्या सर्किटमधून थेट आवाज काढणाऱ्या सिंथवर एका वेळी एकच सूर वाजायचा. मनासारखा आवाज जुळला की प्रत्येक नॉब कुठे आहे ते कागदावर उतरवून ठेवायचं. तरी दुसऱ्या दिवशी तोच आवाज हाती लागेल याची खात्री नाही, कारण यंत्र तापेल तसा ऑसिलेटरचा (मूळ सूर काढणाऱ्या सर्किटचा) सूर सरकतो. म्हणून आधी यंत्र सुरू करून ठेवायचं, स्थिरावलं की सुरात लावायचं, मगच रेकॉर्डिंग.

१९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथमध्ये मायक्रोप्रोसेसर आला. आवाज ॲनालॉगच, पण ४० सेटिंग्ज बटण दाबताच परत.

१९८३ मध्ये मिडी ही यंत्रांची सामाईक भाषा आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांना जोडता येऊ लागली. त्याच वर्षीचा यामाहा डीएक्स७ हा सिंथ मात्र पूर्ण डिजिटल, म्हणजे आवाजही आकडेमोडीने बनवणारा: एफएम पद्धत (एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून आवाज घडवणं), एका वेळी १६ सूर, घंटेसारखा किणकिणणारा इलेक्ट्रिक पियानो. पण नॉब गेले! इवल्याशा पडद्यावर एकेक आकडा बदलत बसायचं. बहुतेकांनी तो नाद सोडला आणि तयार आवाजच वापरले. त्या काळातली बरीच गाणी एकसारखी वाटतात ती यामुळेच.

१९९९ च्या व्हीएसटी २ (संगीताच्या सॉफ्टवेअरला वाद्यांचे प्रोग्रॅम जोडण्याची पद्धत) नंतर सिंथ हा संगणकातला एक प्रोग्रॅम झाला. हव्या तितक्या प्रती उघडा, सगळं फाइलमध्ये सेव्ह. गंमत म्हणजे यातल्या कित्येक प्रोग्रॅममध्ये आता सूर किंचित हलवणारा ‘ड्रिफ्ट’ नॉब मुद्दाम दिलेला असतो.