भावाच्या हातून मरण, तरीही हुतात्मा?

प्रश्न : नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आम्ही दरवर्षी जातो. बाळ येशूची मूळ मूर्ती प्रागमध्ये आहे हे कळल्यावर त्या शहराविषयी वाचू लागलो, तेव्हा संत वेन्सेस्लास यांचे नाव आढळले. सख्ख्या भावाने सत्तेसाठी ज्यांना मारले, त्यांना हुतात्मा कसे म्हणता येईल?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण त्यांना मारणारा बोलेस्लाव हाही ख्रिस्तीच होता आणि ‘धर्म सोड, नाहीतर मर’ असा प्रसंग येथे आलाच नव्हता. वेन्सेस्लास हे बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्रागभोवतीच्या प्रदेशाचे, अधिपती. त्यांच्यावर ख्रिस्ती संस्कार करणाऱ्या आजी ल्युडमिला यांचा ९२१ मध्ये सुनेच्या माणसांनी गळा आवळून खून केला. पुढे त्याही संत मानल्या गेल्या. जर्मन राजा पहिला हेन्री ९२९ मध्ये प्रागवर चालून आला, तेव्हा वेन्सेस्लास यांनी खंडणी कबूल केली, आणि भावाच्या वैरामागे हेही एक कारण असावे. २८ सप्टेंबर ९३५ रोजी (काही इतिहासकार ९२९ हे वर्ष धरतात) भावाकडे पाहुणे म्हणून गेले असता, सकाळच्या प्रार्थनेसाठी निघालेल्या वेन्सेस्लास यांच्यावर बोलेस्लाव धावून गेला आणि त्याच्या माणसांनी त्यांना चर्चच्या दारातच ठार केले. मरताना त्यांनी दाराची कडी घट्ट धरली होती, अशी परंपरा आहे. सिंहमुखाची एक कडी प्रागच्या संत व्हायटस कॅथेड्रलमध्ये आजही भाविक श्रद्धेने पाहतात.

त्या काळी संतपद रोमहून रीतसर जाहीर होण्याची पद्धत रुळलेली नव्हती. कबरीपाशी जमणारे लोक, स्थानिक बिशप आणि लिहिली जाणारी चरित्रे यांतूनच एखाद्याची भक्ती रुजत असे, आणि निरपराध मारल्या गेलेल्या धर्मशील राजाला हुतात्मा मानण्याची रीत युरोपात अन्यत्रही होती. वेन्सेस्लास स्वतः गहू दळून मिस्सेसाठी (चर्चमधील मुख्य उपासनेसाठी) भाकर करीत, गोरगरिबांना आसरा देत, असे ही चरित्रे सांगतात. त्यांत भक्तीचा रंग आहे, पण लोकांना आपला राजा कसा हवा होता, हे त्यांतून नेमके कळते. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की त्यांचा देह प्रागला, त्यांनीच उभारलेल्या संत व्हायटस चर्चमध्ये आणवला तो खुद्द बोलेस्लावने. हा पश्चात्ताप होता की लोकभावनेपुढे घेतलेली माघार, यावर दोन्ही मते आहेत.

चौदाव्या शतकात बोहेमियाचा राजा चौथा चार्ल्स याने बोहेमियाचा राजमुकुट घडवून या संतालाच अर्पण केला. राज्याभिषेकाच्या वेळी राजाने तो डोक्यावर धारण करायचा आणि मग संतांकडे परत द्यायचा, असा त्याचा दंडक होता.